दिवाळीत माग थांबतात तेव्हा

वैजयंताबाई बुगड यांना नव्या कानाने पहिल्यांदा ऐकू आला तो त्यांच्याच बांगड्यांचा आवाज, आणि त्या दचकल्या. मिरजेच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत बसून त्या पदर सारखा करत होत्या. कुठेतरी काहीतरी बारीक किणकिणलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. हात हलवला तसं पुन्हा किणकिणलं. मग त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला आणि मुद्दाम हलवून बघितला, लहान मूल खुळखुळा हलवतं तसा.

समोर बसलेल्या डॉक्टर तहसीन मुजावर हे बघत होत्या. मग त्यांनी ओठ स्पष्ट हलवत विचारलं, "कुठल्या कानात?"

वैजयंताबाईंनी उजव्या कानाला बोट लावलं. "इतकी वर्षं ह्या वाजत होत्या?"

"वाजतच होत्या की," डॉक्टर म्हणाल्या.

वैजयंताबाईंचं आयुष्य इचलकरंजीत गेलं होतं, यंत्रमागाच्या शेजारी. लग्न होऊन आल्या तेव्हा घराच्या पुढच्या भागात माग होते आणि मागच्या भागात संसार. नवरा मल्लिकार्जुन आणि त्या, दोघांनी मिळून ते माग चालवले. मागाचा धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला आपटतो, आणि असे कितीतरी धोटे एकाच छपराखाली दिवसभर आपटत असतात. त्या आवाजात बोलणं अशक्य. मग माणसं हातांनी बोलायला शिकतात. धागा तुटला तर दोन बोटं मोडून दाखवायची, चहा आला तर अंगठा ओठाला लावायचा, सुताचा व्यापारी आला तर कॉलर ओढायची. दोघा नवराबायकोंची ही भाषा वाढत वाढत एवढी झाली की तिच्यात भांडणही करता येऊ लागलं. तोवर दोघांचेही कान गेले होते.

कान जातो म्हणजे काय होतं, ते डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच भेटीत चित्र काढून समजावलं होतं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात बारीक केसांच्या पेशी रांगेने उभ्या असतात. पेटीच्या पट्ट्यांसारखंच ते, प्रत्येक पेशीचा स्वर ठरलेला. आवाजाची लाट आली की त्या त्या स्वराची पेशी डुलते आणि मेंदूला खबर जाते. मोठ्या आवाजाने या पेशी मोडतात, आणि आधी मोडतात त्या उंच स्वरांच्या. 'आ' आणि 'ओ' मागे राहतात, पण 'स', 'त', 'फ' निघून जातात. वैजयंताबाईंना 'साडी' आणि 'गाडी' कित्येक वर्षं एकच होती. पुढे पुढे तर तेवढाही फरक उरला नाही.

"कोंबडीच्या कानातल्या पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "माशाच्याही उगवतात. माणसाच्या नाहीत. पण माणसाच्या कानातही या पेशींच्या पायाशी दुसऱ्या पेशी असतात, नुसता आधार द्यायला. आमचं औषध त्यांना सांगतं, आता तुम्ही ऐकायचं काम करा."

कानाच्या पडद्यातून एकदाच सुई घालून ते औषध कानात सोडायचं, आधी एकाच कानात. दोघांचीही तपासणी झाली. मल्लिकार्जुनांच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्या पेशींच्या मागची नसच वाळून गेली होती. खांब नवे उभे करता येत होते, पण तार नव्हती. ऐकण्याचं यंत्र बसवूनही फारसा उपयोग झाला नसता.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये वैजयंताबाईंनी हातांनीच सांगितलं, मग मलाही नको. मल्लिकार्जुनांनी त्यांचे दोन्ही हात धरून खाली मांडीवर दाबून ठेवले. बोलणाऱ्याचं तोंड बंद करावं तसं. विषय तिथेच संपला.

औषधाने पेशी उगवल्या, बांगड्या वाजल्या. पण खरं काम पुढेच होतं. नव्या पेशींना नसेशी जोडून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी दोन-तीन महिन्यांचाच काळ मिळतो. त्या काळात जे आवाज वारंवार येतील त्यांच्या जोडण्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून जातात. शेतात जिथून रोज माणसं जातात तिथेच पायवाट पडते, तसंच.

यासाठी दवाखान्याने एक उपकरण दिलं होतं. त्यात रेकॉर्ड केलेला एका बाईचा आवाज शब्द म्हणायचा आणि वैजयंताबाईंनी तो शब्द परत म्हणायचा. घरात तिचं नाव सरावबाई पडलं. गल्लीतले माग सकाळपासून खडखडत असत आणि तो आवाज नव्या पेशींना घातक, म्हणून कानात दिवसभर बोळा घालून ठेवायचा आणि सरावापुरता तो काढून उपकरणाचा घट्ट हेडफोन लावायचा, असा नेम झाला. सरावबाईचा आवाज स्वच्छ होता. ती कधी घाईत नसायची, तोंडात घास घेऊन बोलायची नाही. वैजयंताबाई तिचे शब्द भराभर ओळखू लागल्या. मुलगा प्रसन्न खूश झाला.

दसरा झाला आणि एका दुपारी वीज गेल्याने गल्ली अचानक गप्प झाली. वैजयंताबाईंनी बोळा काढला. सून मनाली स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. वैजयंताबाईंनी कान दिला. आवाज आला, भरपूर आला, पण शब्द एकही आला नाही. डब्यात चमचे हलवावेत तसं काहीतरी.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

मनालीने पुन्हा म्हटलं, मोठ्याने म्हटलं. मग जवळ येऊन, सवयीने, ओठ हलवून दाखवले, "काही नाही आई, राहू दे."

हे 'काही नाही' वैजयंताबाईंना कानाशिवायही समजत होतं. सणावारी घर भरलं की त्यांना आणि मल्लिकार्जुनांना सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर ते. सगळे हसायचे, हे दोघं विचारायचे काय झालं, आणि कोणीतरी मायेनेच हात हलवायचं, काही नाही, जेवा तुम्ही. मग दोघंही सगळ्यांबरोबर हसून घ्यायचे.

त्या तशाच मिरजेला गेल्या. डॉक्टरांनी चाचणी घेतली आणि पेन खाली ठेवलं.

"तुमच्या कानाला सध्या एकच माणूस ओळखीचं झालंय," त्या म्हणाल्या, "आणि ते माणूस नाहीच. चूक आमचीही आहे. आम्ही शांत घरं धरून चाललो होतो. तुम्हाला आता घरची माणसं ऐकायला पाहिजेत. एकावर एक बोलणारी, घाई करणारी. आणि अजून महिनाभरच हातात आहे."

"घरात माग ऐकू येतात."

"कधी थांबत नाहीत?"

वैजयंताबाईंनी विचार केला. "दिवाळीत थांबतात."

दिवाळीत इचलकरंजी गप्प होते. लांबून आलेले कामगार बोनस घेऊन गावी जातात, मागांची पूजा होते, पट्टे उतरतात आणि वर्षभर खडखडणाऱ्या गल्ल्या चार-पाच दिवस नुसत्या उभ्या असतात. शहराबाहेरच्या शेडमध्ये कमी आवाजाचे नवे माग येऊन बरीच वर्षं झाली होती, मोठ्या आवाजाचे फटाकेही बंद झाले होते. जुन्या गल्लीतले साधे माग तेवढे उरले होते, आणि दिवाळीपुरते तेही थांबत.

घरी येऊन त्यांनी प्रसन्नला सांगितलं, "सगळ्यांना बोलव. विलासमामाला सांग, भाऊबीजेला तोंड दाखवून जायचं नाही, आदल्या दिवसापासून राहायला ये. आणि येताना गप्पा घेऊन ये म्हणावं."

मग त्या मल्लिकार्जुनांकडे वळल्या. या माणसाचा आवाज घरात जवळजवळ बंद झाला होता. आपण किती मोठ्याने बोलतोय ते त्यांना कळत नसे. शेडमध्ये ओरडायची सवय झालेला गळा बाहेरही तसाच चालायचा, आणि लोक वळून बघायचे. हळूहळू त्यांनी चारचौघांत बोलणं सोडलं, मग घरातही. हातांनी सगळं भागत होतं.

वैजयंताबाईंनी त्यांना सांगितलं की आता बोला. रोज थोडं. माझ्या कानाला तुमचा आवाज ओळखू दे, पुढे ओळखणार नाही तो.

मल्लिकार्जुनांनी गळ्याला हात लावला आणि बोटं चोळून दाखवली. गंज चढलाय.

"चढू दे. तसाच बोला."

त्यांनी मान हलवली. मग हातांनी सावकाश सांगितलं, चांगला कान मिळालाय तुला. त्यात चांगली माणसं घाल.

वैजयंताबाईंना राग आला. दोन दिवस त्या त्यांच्याशी हातानेही बोलल्या नाहीत.

वसुबारसेच्या संध्याकाळी गल्लीतला शेवटचा माग थांबला. मल्लिकार्जुनांना ते पायांतून कळलं. जमिनीतली थरथर गेली, तसं त्यांनी बायकोकडे बघून कानाजवळ चिमूट उघडली. काढ बोळा.

पुढचे दिवस वैजयंताबाई घरभर एखाद्या पाहुण्यासारख्या फिरत होत्या. करंजी तेलात सोडली की आधी जोरात चरचरते, मग तिचा आवाज बारीक बारीक होत जातो, आणि तो थांबला की करंजी झाली. मनाली हे न बघता, पाठ फिरवून ओळखत होती. चकली मोडताना वाजते. रांगोळी वाजत नाही, पण ती चाळताना वाजते. उटणं अंगाला लावतानासुद्धा वाजतं. प्रसन्न झोपेत घोरतो हे त्यांना मनालीकडून माहीत होतं, पण घोरणं संपताना तो शीळ घालतो हे नव्हतं. त्याचे वडीलही तरुणपणी तशीच शीळ घालत, हे त्यांना एकदम आठवलं.

नरकचतुर्दशीला सहा वर्षांची नात शर्वी त्यांच्या मांडीवर चढली आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजली. कुजबुजीत खालचे स्वर नसतातच. ती सगळी उंच, हवेच्या आवाजांची बनलेली असते. गेलेल्या कानाला ती मिळण्याची सुतराम शक्यता नसते. शर्वीच्या जन्मापासून तिने आजीला एकही गुपित सांगितलं नव्हतं.

"काय म्हणालीस? पुन्हा सांग."

"नैवेद्याच्या आधी मी दोन लाडू खाल्ले," शर्वी पुन्हा कुजबुजली.

वैजयंताबाईंनी तिला घट्ट धरलं. कानात जाणारा तो गरम, गुदगुल्या करणारा आवाज त्यांना घालवायचा नव्हता. "अजून सांग," त्या म्हणाल्या. "अजून काय काय केलंस?"

शर्वीने मग बरंच सांगितलं. निम्मं खोटंच असावं.

पाडव्याला विलास आला. वैजयंताबाईंचा हा धाकटा भाऊ सांगलीत वायरिंगची कामं करायचा, आणि तो असेल तिथे दुसऱ्या कोणाला बोलायला फारशी जागा मिळत नसे. त्याची बायको सुनंदाही आली. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेचं ओवाळणं झालं, फराळाची ताटं पुढे आली, आणि सगळे एकदम बोलू लागले.

सुरुवातीला वैजयंताबाईंच्या कानात नुसता कल्ला शिरला. दोन्ही कान असले की मेंदूला कोणता आवाज कुठून येतो ते लगेच उमगतं. एका कानाला ते कष्टाने करावं लागतं. त्या मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे वळवत राहिल्या. मग गुंता झालेल्या सुतातून एखादं टोक हाताला लागावं तसं झालं. हे सुनंदाचं, नाकातून येणारं. हे प्रसन्नचं, वाक्याच्या शेवटी खाली पडणारं. मनाली हसू दाबत बोलते. विलास प्रत्येक वाक्याआधी 'ऐक की' म्हणतो. एक एक माणूस वेगळं होत गेलं. चिवड्याच्या वाटीत चमचा आपटत होता, तोही वेगळा झाला.

त्या बोलू लागल्या, मध्येच तोंड घालू लागल्या. विलासच्या एका थापेवर त्यांनी सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं, आणि सगळे वळून त्यांच्याकडे बघत राहिले.

"आक्का, तू आधी बरी होतीस," विलास म्हणाला. "माझं ऐकून घ्यायचीस."

त्यावर हसणं झालं. विलासला आणखी जोर चढला. "ऐक की, आता तुला कळायलंय तर ती गोष्ट सांगतो. दर दिवाळीला सांगतो मी ही, तूही हसतेस. माझ्या लग्नात बँडवाले वाजवायले, कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाई. आपले दाजी तुझ्या कानात काहीतरी सांगायले. आणि नेमका बँड थांबला. भर मांडवात दाजींचा आवाज, शेडमधला: 'नवरदेवाचा सूट उसवतोय बघ!' सातशे माणसं वळली माझ्याकडं."

सगळे हसले. वैजयंताबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर मल्लिकार्जुनांवर गेली. ते भिंतीशी नेहमीच्या जागी बसले होते. तासाभरात त्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, वैजयंताबाईंनीही नाही. सगळे आपल्याकडे बघून हसताहेत हे दिसल्यावर मल्लिकार्जुनही हसले, मान डोलावून, सौजन्याने. ते हसू वैजयंताबाईंना चांगलं ओळखीचं होतं. दर दिवाळीला त्या दोघांनी शेजारी बसून हेच हसू हसलं होतं, याच गोष्टीवर.

मल्लिकार्जुनांनी त्यांच्याकडे बघून पंजा उलटा केला. काय झालं?

वैजयंताबाईंचा हात आपोआप उचलला गेला. काही नाही, असं सांगायला. तो त्यांनी अर्ध्यात थांबवला. मग उठून त्या त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि हातांनी सगळं सांगितलं. बँड, मांडव, सूट, सातशे माणसं. आणि हे दर वर्षी सांगतात, तेही सांगितलं.

ते हात कशाबद्दल चाललेत ते विलासच्या लक्षात आलं.

"आक्का, त्यांना कशाला सांगितलंस?"

"मग कुणाला सांगू? गोष्ट त्यांचीच हाय."

मल्लिकार्जुन विलासकडे वळले. विलासने हातातली वाटी खाली ठेवली. आणि मग त्या खोलीत एक आवाज आला, एवढा मोठा की शर्वीने कान झाकले.

"उसवला होता."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"पाठीमागनं," मल्लिकार्जुन म्हणाले. आवाज वरखाली होत होता, मध्येच फाटत होता. "बगलेपासनं खालपर्यंत सगळा. ह्याला आचाऱ्याच्या मांडवाआड नेला. पोती शिवायचं दाभण होतं तिथं. त्यानं शिवला. ते सांगत न्हाई व्हय हा?"

"दाजी," विलास म्हणाला.

"अंगावरच शिवला. वाकायचं न्हाई म्हणून सांगितलं. हार घालताना हा ताठ उभा. माणसं म्हणायली, नवरदेव लाजतोय."

सुनंदा नवऱ्याकडे वळली. "मला वाटलं होतं तुम्हाला गर्व हाय. इतकी वर्षं मी माहेरी तसंच सांगत आले."

मग जो हशा उसळला त्यात पहिला विलासच होता. डोळे पुसत तो उठला आणि दाजींच्या पाया पडला. खाली वाकलेला असतानाच त्याने एका हाताने स्वतःचा शर्ट मागून चाचपला, तसे मल्लिकार्जुन हसले, आणि या वेळी ते सौजन्याने नव्हतं.

वैजयंताबाई हसत नव्हत्या. त्या ऐकत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा या माणसाचा आवाज त्यांनी ऐकला होता. एका पोराचा, जरासा पातळ, घाईचा आवाज. तोच त्यांच्या आठवणीत राहिला होता. हा जाड होता, खरखरीत, जागोजागी झिजलेला. एवढ्या वर्षांत तो आवाज म्हातारा झाला होता आणि शेजारी राहूनही त्यांना ते होताना ऐकता आलं नव्हतं. पण शब्दन् शब्द कळत होता. 'उसवला'मधला 'स' कळला. दाभण कळलं. सरावबाईचे शब्द ओळखावे लागत. हे ओळखावे लागले नाहीत.

"अजून बोला," त्यांनी हातांनी सांगितलं.

"काय बोलू?" मल्लिकार्जुन मोठ्याने म्हणाले.

"काहीही. मागाचं सांगा. पहिला माग आणला ते सांगा."

ते सांगू लागले. माग थांबलेल्या त्या गल्लीत पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जात असणार. कोणी त्यांना हळू बोला म्हटलं नाही.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास माग पुन्हा जोरात सुरू झाले, तोवर पेशी जोडून घेण्याचे दिवस सरत आले होते. मल्लिकार्जुन रोज दुपारी मागच्या खोलीची दार-खिडक्या लावून बायकोच्या उजव्या कानाशी बसत आणि बोलत. विषय संपले की शर्वीचं पुस्तक वाचून दाखवत. डॉक्टरांनी शेवटची चाचणी घेतली तेव्हा रेकॉर्डच्या आवाजात वैजयंताबाई इतर पेशंटपेक्षा थोड्या मागे पडल्या. मग डॉक्टरांनी फोनवर विलासला बोलायला लावलं, मनालीला लावलं, सोबत आलेल्या मल्लिकार्जुनांना पाठीमागे उभं करून बोलायला लावलं. वैजयंताबाईंनी न वळता, न अडखळता सगळं परत सांगितलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या बाकी पेशंटना घरची माणसं सोबत आणायला सांगितलं, ते त्यानंतरच.

आता त्या घरात चार माणसं जमली की एक पद्धत पडली आहे. सांगणारा आपली गोष्ट सांगतो, सगळे हसतात, आणि मग थांबतात. वैजयंताबाईंचे हात चालू असतात. ते हात थांबले की मल्लिकार्जुन हसतात, सगळ्यांहून मोठ्याने, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असे. त्यांच्या हसण्याला बाकीचे पुन्हा हसतात. पाहुण्यांना आधी चमत्कारिक वाटतं, पण एका जेवणात सवय होते. त्या घरात प्रत्येक गोष्टीला दोनदा हसणं होतं, आणि दुसऱ्या वेळेला वैजयंताबाई हात मांडीवर ठेवून नुसत्या ऐकत बसतात.